आधी गाव, मग आडनाव

प्रश्न : माझे आजोबा १९३० च्या सुमारास सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यातून मुंबईस आले आणि लालबागच्या एका गिरणीत लागले. गावी चुलत घराण्याकडे जमीन आहे. आमचा संबंध आता यात्रेपुरता उरला आहे. आमचा एक पूर्वज पानिपतावर पडला आणि आमचे आजचे आडनाव मूळचे नव्हे, असे घरात सांगतात. ८४ वर्षांच्या आत्यांकडे एका ट्रंकेत मोडीतले काही कागद आहेत. पणजोबांचे नाव ठाऊक आहे, पणजीचे कोणालाच ठाऊक नाही. निवृत्तीनंतर हाताशी वेळ आहे, म्हणून वंशावळ तयार करावी असा विचार आहे. त्यासाठी थेट पुण्याच्या पेशवे दप्तरात जावे का? एका गृहस्थांनी पंधरा हजार रुपयांत ‘शहाण्णव कुळांपर्यंतची’ संपूर्ण वंशावळ करून देण्याची तयारी दाखवली आहे. ती घ्यावी का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

पेशवे दप्तरात आपण जरूर जावे, पण इतक्यात जाऊ नये. पुण्यात कौन्सिल हॉलजवळ असलेल्या पुराभिलेखागाराच्या इमारतीत १८९१ पासून जे कोट्यवधी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत, ते घराण्यांच्या नावांनी लावलेले नाहीत. ते राज्यकारभाराचे कागद असल्यामुळे त्यांची मांडणीही कारभाराच्या सोयीची आहे : रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा, चिटणिसी अशी दप्तरे आणि त्यांत पुन्हा प्रांत, परगणा, साल. आडनाव सांगून कागद मागणाऱ्यास तिथला कर्मचारी इच्छा असूनही फारशी मदत करू शकत नाही. जो गाव सांगतो, ते गाव त्या काळी कोणत्या परगण्यात होते हे सांगतो, घराण्याकडे कोणते वतन वा इनाम होते आणि साधारण कोणत्या सालांमधला कागद हवा हे सांगतो, त्याच्यापुढे मात्र नेमके रुमाल येऊ शकतात. ही माहिती आपल्याजवळ आज नाही. ती मुंबईत, आत्यांच्या घरी आणि कोरेगावच्या तहसील कचेरीत आहे.

दुसरी अडचण आडनावाचीच आहे. जुन्या कागदांत माणसाची ओळख ‘राणोजी बिन धारोजी, मौजे अमुक’ अशी दिलेली असते. म्हणजे स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि गाव. पुढे काही लिहिलेच तर जात, हुद्दा किंवा भावकीचे नाव येते, आणि तेही दर वेळी तेच येईल याचा भरवसा नसतो. आज आपण ज्याला आडनाव म्हणतो ते सामान्य कुटुंबांत पक्के झाले ते बहुतांशी इंग्रजी अमलात, मुलाचे नाव शाळेत घालताना, पलटणीत भरती होताना किंवा गिरणीच्या हजेरीपटावर नाव चढताना. एकाच घरातला थोरला भाऊ ‘पाटील’ म्हणून नोंदला जाई आणि धाकटा भावकीच्या नावाने. त्यामुळे ‘आमचे आडनाव मूळचे नव्हे’ ही आपल्या घरची गोष्ट खरी असण्याचा पुष्कळ संभव आहे, आणि म्हणूनच आडनाव धरून मागे जाणे धोक्याचे आहे. गाव धरा, ‘बिन’ धरा, जमिनीचा तुकडा धरा. मूळ आडनाव या तिन्हींच्या मागोमाग येईल.

सुरुवात आत्यांपासून करावी, आणि ती लवकर करावी. त्यांना ‘वंशावळ सांगा’ असे विचारू नये, कारण असा प्रश्न ऐकला की माणूस आठवण्याऐवजी ऐकीव गोष्टी सांगू लागतो. त्यापेक्षा आजोबांच्या लग्नाला कोण कोण आले होते, सुतक कोणाकोणाचे धरत असत, गावच्या घराला कोणता वाडा म्हणत, कुलदैवत कोठले आणि देवक कोणते, आत्यांची आत्या कोणत्या गावी दिली होती, असे विचारावे. सुतकाचा प्रश्न विशेष उपयोगी पडतो, कारण ज्यांचे दहा दिवस धरले ती माणसे भावकीतली आणि ज्यांचे तीन दिवस धरले ती लांबची, हे जुन्या बायकांना तोंडपाठ असते. कुलदैवतावरून घराणे कोठून आले असावे याची दिशा कळते (कोकणातल्या कित्येक घराण्यांची दैवते गोव्यात आहेत, त्यामागे पोर्तुगीज अमलातले स्थलांतर आहे), परंतु त्याला पुरावा मानू नये.

ट्रंकेतले कागद घडी उघडताना तुटत असतील तर जबरदस्तीने उघडू नयेत. जेवढे सहज उघडतील तेवढ्यांचे दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत, आणि कागद ज्या क्रमाने बांधलेले होते तो क्रम मोडू नये, कारण एकत्र बांधलेले कागद बहुधा एकाच व्यवहाराचे असतात. चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. लॅमिनेट केलेला कागद पुढे कोणालाही नीट जतन करता येत नाही. मोडी वाचता येत नसले तरी आपल्याला एक गोष्ट लगेच पाहता येईल, ती म्हणजे कागदावर छापील मुद्रांक आहे की नाही. असेल तर तो इंग्रजी अमलातला खरेदीखत, गहाणखत किंवा वाटणीपत्र असण्याचा संभव अधिक आहे. अशा कागदात पक्षकारांची बापासह नावे, गाव आणि जमिनीच्या चतुःसीमा असतात, त्यामुळे तो आपल्याला एखाद्या सनदेपेक्षाही अधिक उपयोगी ठरेल.

आजोबांच्या मुंबईतल्या खुणा थोड्या असतात, पण भक्कम असतात : महापालिकेची जन्म-मृत्यूची नोंद, मुलांच्या शाळेतले जनरल रजिस्टर, खोलीची भाडेपावती, गिरणीचे किंवा फंडाचे कागद. शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मगाव आणि जात लिहिलेली असते. जन्मतारीख मात्र श्रद्धेने घेऊ नये. महाराष्ट्रातली निम्मी जुनी पिढी १ जूनला जन्मलेली दिसते, त्याचे श्रेय शाळेत नाव घालणाऱ्या मास्तरांना द्यावे लागेल.

यानंतर गावी जावे, आणि जाण्यापूर्वी चुलतभावांना सविस्तर फोन करावा किंवा पत्र लिहावे. मुंबईचा भाऊबंद तीस वर्षांनी तलाठ्याकडे जाऊन जुने उतारे मागू लागला की गावात त्याचा एकच अर्थ निघतो : हा हिस्सा मागायला आला. यात गावकऱ्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही. असे बहुधा घडतच आलेले असते. म्हणून आपण कोणते कागद आणि कशासाठी पाहणार आहात ते आधी सांगावे, मिळालेल्या प्रत्येक कागदाची एक प्रत त्यांना देण्याचे कबूल करावे आणि शक्य तर त्यांच्यापैकी एकाला बरोबर घेऊनच कचेरीत जावे. ज्या घरात जमीन कसली गेली त्या घरात शेतांची नावे टिकून राहतात. ‘थोरली पट्टी’, ‘विहिरीचा तुकडा’, ‘इनामाचे रान’ अशी नावे चुलतभाऊ सहज सांगतील, आणि ‘इनामाचे रान’ हे शब्द ऐकू आले तर ते आपल्यासाठी फार महत्त्वाचे ठरतील. हिश्शाचा प्रश्न खरोखरच मनात असेल तर तो वेगळा ठेवून वकिलाकडे न्यावा. वंशावळीच्या आडून तो नेल्यास दोन्ही कामे बिघडतात.

आता महसुली कागदांकडे येऊ, कारण सामान्य मराठी कुटुंबाचा खरा इतिहास त्यांत आहे. आजच्या सातबाऱ्यावर जो गट नंबर आहे तो फार जुना नसतो. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली जिथे योजना झाली तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट पडले, आणि हा सांधेबदल न ओळखल्यामुळे पुष्कळ जणांचा शोध तिथेच थांबतो. भूमी अभिलेखाच्या उपअधीक्षक कार्यालयातून एकत्रीकरण योजनेचा उतारा घेतला की कोणता गट कोणत्या सर्व्हे नंबरांपासून झाला ते कळते. त्यानंतर त्या सर्व्हे नंबरांचे हस्तलिखित सातबारे, त्याआधीचे हक्कनोंदणी पत्रक आणि कडईपत्रक (जमीनधारणेची जुनी नोंद) तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून मागावेत. हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ मध्ये झाला, त्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ही साखळी बहुधा सलग नेता येते. महसूल खात्याच्या संकेतस्थळावर काही जिल्ह्यांचे जुने सातबारा, फेरफार आणि आठ-अ स्कॅन करून ठेवलेले आहेत. कचेरीत अर्ज करण्यापूर्वी ते घरबसल्या पाहून घ्यावेत.

या सगळ्यांत आपला वेळ सर्वांत जास्त घ्यावा असा कागद म्हणजे फेरफार, म्हणजेच गाव नमुना ६. सातबाऱ्याच्या नावांशेजारी वर्तुळात जे आकडे असतात ते फेरफारांचे क्रमांक होत. त्यांपैकी वारसाचा जुना फेरफार उघडला तर साधारण या धाटणीचा मजकूर मिळतो : ‘गणू धोंडी याने वर्दी दिली की, बाप धोंडी बिन राणू हा दोन वर्षांमागे मयत झाला. त्यास वारस मुलगे तीन. पैकी धाकटे दोघे अज्ञान, त्यांचे पालनकर्ती आई भागीरथी कोम धोंडी. सबब नावे दाखल.’ एवढ्या मजकुरात तीन पिढ्या आहेत. धोंडीचा बाप राणू होता, धोंडीला तीन मुलगे होते, तो मेला तेव्हा धाकटे दोघे लहान होते म्हणजे तो तरुणपणीच गेला असावा, आणि त्याच्या बायकोचे नाव भागीरथी होते. नोंदीची तारीख ही मात्र मृत्यूची तारीख नव्हे. मयताचे नाव पंधरा-वीस वर्षे तसेच राहून कर्ज काढायच्या वेळी वारस लावले गेल्याची उदाहरणे गावोगाव आहेत.

आपल्या पणजीचा शोधही इथेच घ्यावा. बाईचे नाव महसुली कागदात सहसा सुखाच्या काळात येत नाही. नवरा लवकर गेला की ती मुलांची पालनकर्ती म्हणून येते, आणि सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’ ही जी तीन अक्षरे दिसतात ती ‘अज्ञान पालनकर्ता’ची होत, मूलबाळ नसेल तर ती ‘कोम अमुक’ म्हणून स्वतःच्या नावाने येते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मात्र चित्र बदलते. मुलींची नावे वारसांत लागू लागतात आणि पाठोपाठ हक्कसोडपत्रे येतात, ज्यांत प्रत्येक मुलीचे सासरचे नाव आणि गाव लिहिलेले असते. बहिणींनी भावांसाठी हक्क सोडल्याचे हे कागद वाचून मनाला काय वाटायचे ते वाटो, घराण्यातल्या मुली कोठे कोठे गेल्या याचा इतका नेमका पुरावा दुसरा नाही. आजोबांना बहिणी असतील आणि त्यांच्या हयातीत अशी नोंद झाली असेल, तर त्यांच्या मुलानातवंडांकडे आपल्या पणजीचे नाव अजून निघू शकेल. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत ध्यानात ठेवावी. माहेरची भागीरथी आणि सासरची लक्ष्मी ही एकच बाई असू शकते.

जमिनीच्या कागदांना जोड द्यावी ती गाव नमुना १४ ची. ही गावची जन्म-मृत्यूची नोंदवही असून, जिथे टिकली आहे तिथे ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मागे जाते. विदर्भात तिला कोतवाल बुक म्हणतात. तिच्यात जन्मलेल्या बाळाचे नाव अनेकदा नसते, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते, पण बापाचे नाव, जात आणि तारीख असते. या वह्यांबाबत आपले नशीब बरे आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमल्यानंतर कुणबी नोंदी शोधण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतली जुनी दप्तरे बाहेर काढली गेली आणि अनेक जिल्ह्यांच्या अधिकृत संकेतस्थळांवर तालुका व गावनिहाय पाने ठेवण्यात आली. आपला हेतू दाखल्याचा नसला तरी त्या पानांचा उपयोग आपल्याला होईल. तिथे आपल्या पूर्वजांच्या नावापुढे आज घरात सांगतात त्याहून वेगळी जात लिहिलेली आढळली, तर ती जशी आहे तशी उतरून घ्यावी.

आपल्या घराकडे कसलेही वतन होते असे कळले, तर १८७४ च्या वतन कायद्याखालचे वतन रजिस्टर आणि वतनाच्या चौकशीचे कागद मागावेत. पाटील-कुलकर्ण्यांनाच ही सोय होती असा एक समज आहे, तो खरा नाही. महार वतनाचे कागद, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने रद्द होताना झालेल्या नोंदी धरून, त्या समाजातल्या अनेक घराण्यांसाठी फार भरवशाचे साधन आहेत, कारण वतनाची पाळी ज्या ज्या भाऊबंदांकडे फिरे त्यांची नावे त्यांत येतात. चौगुला, न्हावी, सुतार, गुरव यांच्याही वतनी जमिनी होत्या आणि त्यांच्यावरून भांडणेही होती. आमच्या विषयात भांडण झालेले बरे असते, कारण जिथे तंटा झाला तिथे कागद झाला.

हे सर्व सातारा आणि एकूण पश्चिम महाराष्ट्राच्या हिशेबाने लिहिले आहे. मराठवाड्यातल्या वाचकांना निजामी अमलाचे उर्दू कागद आणि खासरा पाहणी पत्रक, विदर्भातल्यांना बंदोबस्ताच्या (जमीन महसूल आकारणीच्या) मिसली, तर मूळ गोव्याच्या घराण्यांना पणजी शहरातले पुराभिलेखागार आणि कोमुनिदादींचे, म्हणजे तिथल्या गावसंस्थांचे, दप्तर पाहावे लागेल. त्याविषयी पुन्हा कधी तरी.

कचेरीबाहेरची दोन दप्तरे आपण चुकवू नयेत. पहिले तीर्थोपाध्यायांचे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इथले उपाध्ये यजमानांच्या नामावळ्या पिढ्यान्‌पिढ्या ठेवत आले आहेत. श्राद्धाला बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी आणि आईकडचे तीन पुरुष यांची नावे लागतात, त्यामुळे सरकारी कागदात न सापडणाऱ्या बायका या वह्यांत सापडू शकतात, आणि लेख यजमानाच्या स्वतःच्या हातचा असेल तर अक्षरही पाहायला मिळते. इथेही विचारणा गावावरून करावी लागते, कारण उपाध्यायांत यजमानांची वाटणी गावांप्रमाणे आणि आडनावांप्रमाणे झालेली असते. गावच्या वृद्धांना ‘आपल्या गावचे नाशिकचे भटजी कोण’ असे विचारले तर घर कळेल. जाताना दक्षिणा न्यावी. वही हे त्यांचे पिढीजात धन आहे आणि ती दाखवणे हे त्यांच्यावर बंधन नाही. दुसरे दप्तर हेळव्यांचे. कोल्हापूर, सांगली आणि सोलापूरच्या सीमाभागात आणि उत्तर कर्नाटकात हेळवी सुगीनंतर घरोघर येऊन वंशावळ वाचतात, नव्या जन्मलेल्यांची नावे घालतात आणि धान्य किंवा पैसे घेतात. आपल्या गावापर्यंत त्यांचा फेरा होता की नाही हे चुलतभावांना विचारावे. असेल तर फेऱ्याचा महिना त्यांना माहीत असेल. हेळव्यांची अलीकडची सहा-सात नावे सहसा चोख असतात. त्याहून मागची नावे राजघराण्यांकडे वळू लागली की जरा सावध व्हावे.

मोडी आपण शिकावी असेच मी सुचवीन. पुराभिलेख विभाग तिचे वर्ग चालवतो, आणि भारत इतिहास संशोधक मंडळात, जे १९१० मध्ये स्थापन झाले, मोडी जाणणारी माणसे भेटतात. शिकण्याच्या खटपटीने घाबरून जाऊ नये. एकोणिसाव्या शतकातले महसुली मोडी ठरावीक शब्दांचे असते आणि आपल्याला त्यांतली नावे, नाती आणि आकडे ओळखायचे आहेत. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, हे अंगवळणी पडले की पुढचे सोपे होते. पेशवेकालीन हस्ताक्षर मात्र जाणकाराकडूनच वाचून घ्यावे.

तारखांचे गणित आधीच समजून घेतलेले बरे. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, आणि जानेवारीपासून फाल्गुनापर्यंतच्या तिथ्यांना ७९ मिळवावे लागतात. फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवतात. पेशवाईतल्या कागदांवर शुहूर सन असतो आणि तो अरबी शब्दांत, एकम स्थानापासून उलटा लिहिलेला असतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात, कारण ते वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होते. आपल्याच घरची गोष्ट घेऊ. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी, म्हणजे शके १६८२ च्या पौष शुद्ध अष्टमीस झाली. त्या वर्षीच्या कागदांवर ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’ असे लिहिलेले दिसेल : एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१.

आता त्या पूर्वजाविषयी. पानिपताची आठवण सांगणारी घराणी महाराष्ट्रात असंख्य आहेत आणि त्यांतली पुष्कळ खरी असणारच, कारण माणसे गेलीच तेवढी होती. अडचण अशी की साध्या स्वाराचे नाव पेशव्यांच्या दप्तरात सापडणे दुर्मीळ आहे. तो ज्या सरदाराच्या पथकात होता त्या सरदाराकडे त्याचा हिशेब असे, आणि त्या घराण्याचे दप्तर टिकले असेल तरच आशा. म्हणून पडलेल्या माणसाचा शोध घेण्याऐवजी त्याच्यामागे काय उरले ते पाहावे. लढाईत कामास आलेल्यांच्या मुलाबाळांना बालपरवेशी म्हणून जमीन किंवा नेमणूक देण्याची पद्धत होती. अशी जमीन आपल्या घराकडे असेल, तर सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाल्यावर आणि १८५२ च्या कायद्याने इनामांची छाननी करणाऱ्या इनाम कमिशनला अधिकार मिळाल्यावर तिची चौकशी झाली असणार. त्या चौकशीत इनामदाराला ‘हे कोणी, कोणाला, कशाबद्दल दिले आणि त्याच्यापासून तुझ्यापर्यंत वंश कसा आला’ याचे उत्तर कैफियतीत द्यावे लागे. म्हणूनच चुलतभावांनी ‘इनामाचे रान’ म्हटले तर कान टवकारावेत असे मी वर सुचवले. इनाम कमिशनने जमा केलेले कागद आज पुण्याच्याच दप्तरात आहेत, आणि आपण तिथे जायचे ते या टप्प्यावर.

जाताना गावाचे नाव आजच्या तालुक्यासह सांगून थांबू नये. कोरेगाव हा आजचा तालुका आहे. त्या काळचे कागद वाई प्रांताच्या अनुषंगाने पाहावे लागतील. गाव बुद्रुक की खुर्द हेही पक्के करून घ्यावे, कारण या दोन गावांचे कागद एकमेकांत मिसळलेले असतात आणि दोन्हीकडे राणोजी असतोच. रुमालांच्या याद्यांत महजर (गोतसभेचा निर्णय), निवाडपत्र (तंट्याचा लेखी निकाल) आणि करीना (पक्षकाराने लिहून दिलेली हकीकत) हे तीन प्रकार आधी मागावेत. पाटीलकीच्या तंट्यात थोरली पाती कोणती आणि धाकटी कोणती हे ठरवण्यासाठी दोन्ही पक्ष आपापला करीना लिहून देत आणि त्यात चार-पाच पिढ्यांची हकीकत ओघाने येई. अर्थात तो पक्षकाराने आपल्या बाजूने सांगितलेला इतिहास आहे. पूर्वज दुष्काळात परागंदा झाला की वतन विकून गेला, यावर दोन करिन्यांत एकमत झालेले क्वचितच दिसते, म्हणून निवाडपत्राशी ताडून पाहिल्याशिवाय त्यातले नाव वंशावळीत घालू नये.

वंशावळ लिहिताना प्रत्येक नावासमोर ते कोणत्या कागदातून आले ते लिहावे : फेरफार क्रमांक, नमुना १४ चे पान, उपाध्यायांची वही किंवा ‘आत्यांकडून ऐकले’. ऐकीव नाव लिहायला हरकत नाही, ते ऐकीव आहे एवढे दिसले पाहिजे. दत्तक गेलेला मुलगा दोन्ही घरांत दाखवावा. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि पत्ते कुटुंबाबाहेर फिरणाऱ्या प्रतीत घालू नयेत. माझ्या अंदाजाने आपल्याला महसुली कागदांतून पाच किंवा सहा पिढ्या मिळतील. त्यापलीकडे एखादे वतन किंवा इनाम असले तरच वाट आहे, नसल्यास शोध तिथे थांबेल, आणि तसे थांबलेले सामान्य कुणब्याचे घराणे हीच महाराष्ट्रातली सर्वसाधारण स्थिती आहे.

राहिला पंधरा हजारांचा प्रश्न. मोडी वाचून देणारे, उतारे काढून देणारे, रुमाल चाळणारे प्रामाणिक लोक आहेत आणि त्यांच्या श्रमाचा मोबदला द्यावाच. पण ते पानागणिक किंवा दिवसागणिक पैसे घेतात आणि कागद मिळाला नाही तर तसे सांगतात. जो कागद पाहण्याआधीच शहाण्णव कुळांपर्यंत पोहोचवण्याची हमी देतो, त्याच्याकडे वंशावळ आधीच तयार आहे आणि तिच्या तळाशी आपले नाव जोडायचे तेवढे बाकी आहे. आडनाव तेच म्हणून घराणे तेच, असे धरूनच या वंशावळी बनतात, आणि आपले तर आडनावच मूळचे नाही असे आपण लिहिता. त्या गृहस्थांना एवढेच विचारावे की पणजोबांच्या बापाचे नाव ते कोणत्या गावच्या कोणत्या फेरफारातून घेणार आहेत. उत्तरात क्रमांक आला तर तेवढ्या कामाचे पैसे ठरवून द्यावेत. कुळ, गोत्र आणि राजवंश आले तर नमस्कार करून फोन ठेवावा.